लिस्बन: आईला घेऊन आठ दिवस. काय पाहावं, काय खावं, रात्री कुठे जावं?

कैरीपन्हं

नमस्कार मंडळी. जूनच्या ८ तारखेपासून आम्ही चौघं आठ दिवस लिस्बनला जातोय: मी, नवरा, धाकटा भाऊ आणि आई. आई ६८ वर्षांची आहे, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि उजवा गुडघा दुखरा. भाऊ २७ वर्षांचा. त्याला रात्रीचं शहर बघायचंय. नवऱ्याला इतिहास हवा आणि मला खाणं. माझं मासे-मटण सगळं चालतं.

एका प्रवास कंपनीने "लिस्बनला दोन दिवस पुष्कळ झाले, पुढे स्पेन करा" असा सल्ला दिला होता, तो मी ऐकला नाही. आई घाईत फिरू शकत नाही, आणि मलाही एकाच शहरात रमायला आवडतं. आता प्रश्न असे: राहायचं कुठे? अल्फामा या जुन्या भागातली घरं फोटोत फार सुंदर दिसतात. आईने काय खावं? फादो म्हणजे नेमकं काय, ते आईला बसून ऐकता येईल का? रात्री भावाने कुठे जावं? जे लोक तिथे राहिलेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

तेजोकाठ

मी अकरा वर्षं लिस्बनमध्ये आहे, मूळची वसईची. आठ दिवस देताय हे वाचूनच बरं वाटलं. दोन दिवसांत माणूस इथे फक्त चढ चढतो आणि रांगेत उभा राहतो.

अल्फामात राहू नका. पाहायला अल्फामासारखं दुसरं काही नाही, पण तिथे पायऱ्या आहेत, पायऱ्यांनंतर पुन्हा पायऱ्या आहेत, टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि बॅगांची चाकं दगडी फरशीत अडकतात. आईंचा गुडघा पहिल्याच दिवशी जाईल. साल्दान्या, अलामेदा किंवा अव्हेनिदाच्या आसपास मेट्रोजवळ घर घ्या. तिथली जमीन बरीच सपाट आहे आणि विमानतळावरून येणारी लाल लाइन अलामेदा-साल्दान्यावरूनच जाते.

शहर सात टेकड्यांवर आहे असं म्हणतात. पण चढ टाळण्याच्या युक्त्या इथल्या म्हाताऱ्यांना पाठ असतात, त्या सांगते.

खालच्या बायशा भागातून वरच्या शियादो भागात चढायचं असेल तर बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा. तिकीट लागत नाही, आतल्या लांबलचक सरकत्या जिन्यांनी थेट वर शियादोत निघता. किल्ल्याकडे जायचं असेल तर रुआ दुश फांकैरुशवर एका इमारतीत पालिकेची मोफत लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते. तिथून छोटा चौक ओलांडला की दुसरी लिफ्ट, तीही मोफत. ती वर गेली की किल्ल्याचा अर्ध्याहून जास्त चढ संपलेला असतो. सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टपाशी लोक तासभर उभे असतात. ती १९०२ सालची आहे, ४५ मीटर उंच आणि देखणी. खालून पाहा, फोटो काढा, आणि वरच्या कार्मो चौकात सरकत्या जिन्याने जा.

ग्लोरियाची उतारावरची रेल्वे बऱ्याच जुन्या लेखांत 'नक्की करा' म्हणून दिसेल. ३ सप्टेंबर २०२५ ला तिला भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली. तेव्हापासून ती बंद आहे. वरच्या साँव पेद्रु द आल्कांतराच्या सज्जावर टॅक्सीने जा.

२८ नंबरची पिवळी ट्राम जरूर घ्या, पण मार्तीं मोनीझ चौकातल्या रांगेत भर दुपारी उभं राहून नव्हे. सकाळी आठच्या आत, किंवा दुसऱ्या टोकाहून, कांपु द ओरीककडून बसा. खिडकीची जागा मिळते. गर्दीच्या ट्राममध्ये खिसे कापले जातात. माझ्या सख्ख्या मावशीची पर्स अशीच गेली, त्यात पासपोर्ट होता, आणि सुट्टीचे दोन दिवस त्याच्या कागदपत्रांत गेले. पासपोर्ट घरी ठेवा, जवळ झेरॉक्स ठेवा.

खाण्याचं सावकाश लिहिते, पोळ्या करायच्यात.

भटक्या_कोल्हापूर

बूट! तिथली पांढरी-काळी दगडी फरशी दिसायला सुंदर, पण वर्षानुवर्षं झिजून गुळगुळीत झालेली. पावसाचा शिडकावा झाला तरी पाय सटकतो. आईंना चांगल्या पकडीच्या तळव्याचे बूट घ्या, आणि ते इथेच महिनाभर वापरून सैल करून न्या.

मडगावची

मी शिकायला दोन वर्षं लिस्बनला होते. गोव्याची असल्यामुळे असेल, पण तिथे परकं वाटलंच नाही. दुकानात 'बताता' लिहिलेलं, बेकरीत 'पाँव', किल्ली म्हणजे 'शाव्ह' आणि पैसे देणं म्हणजे 'पगार'. नाताळ 'नाताल'च. फीत, बालदी, घमेलं, लिलाव, मेस्त्री, काजू, अननस... आईंना शब्द ओळखायचा खेळ द्या, रस्त्यावरच्या पाट्या वाचता वाचता त्यांचा वेळ मजेत जाईल.

कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेत तिकोनी 'शामुसा' दिसेल. आपला सामोसाच तो, गोव्याहून गेलेला. आत बहुतेक वेळा खिमा किंवा चिकन असतं, तेव्हा आईंसाठी विचारल्याशिवाय घेऊ नका. मोरारियात तेंतासोंयश द गोवा नावाचं छोटं हॉटेल आहे. शाकुती, बालशांव आणि शेवटी बेबिंका. परीक्षेच्या दिवसांत मी तिथे आंबट-तिखट वासासाठी जात असे.

एक गोष्ट अभिमानाने सांगते. २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनियो कोश्ता मूळच्या मडगावच्या घराण्यातले. वडील ओर्लांदु द कोश्ता लेखक होते. घरात कोश्तांना 'बाबुश' म्हणत, कोंकणीतला बाबूच. त्याआधी ते लिस्बनचे महापौर होते, आणि तेव्हा पडक्या, बदनाम झालेल्या इंतेंदेंत भागात त्यांनी स्वतःचं कार्यालय नेलं होतं. आज तिथल्या चौकात संध्याकाळी मुलं खेळतात.

तेजोकाठ

आता खाणं.

सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा: हॉटेलात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी टेबलावर येतं. ते फुकट नसतं. हात लावला नाही तर बिलात येत नाही. नको असेल तर हसून परत पाठवा, कोणी रागावत नाही.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, आणि तेच इथलं खरं जेवण. कार्यालयांच्या गल्लीत कागदाचा टेबलक्लॉथ घातलेली साधी 'ताश्का' शोधा, दारावर हाताने लिहिलेला 'प्रातु दु दिया', म्हणजे आजचा पदार्थ, असेल तिथे शिरा. दारात उभं राहून मेनू दाखवत आत बोलावणाऱ्या हॉटेलात जाऊ नका. रात्रीचं जेवण आठच्या पुढे.

कैरीपन्हं, तुमच्यासाठी बकल्याव. म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. शतकानुशतकं उत्तरेच्या थंड पाण्यातून येतो आणि तरीही इथल्या घराघरांत शिजतो. दुकानात तो फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो आणि वास थेट आपल्या सुक्या बाजाराचा. वसईत वाढलेल्या मला पहिल्या आठवड्यात त्या वासानेच धीर दिला. घरी तो पाणी बदलत बदलत दीड-दोन दिवस भिजवतात, मग शिजवतात. सुरुवात 'आ ब्राश' प्रकाराने करा: बारीक तळलेल्या बटाट्याच्या काड्या, कांदा, माशाचे तुकडे आणि वरून सैलसर अंडं. तो याच शहरातला, बायरो आल्तोतला. जूनमध्ये सार्डिन ताजे, चरबीने भरलेले असतात. कोळशावर भाजून पावाच्या जाड तुकड्यावर ठेवतात. मासा संपेपर्यंत पाव तेल पिऊन घेतो, आणि तो शेवटचा पावच सगळ्यात चविष्ट.

आईंसाठी थोडं अवघड आहे, खोटा दिलासा देत नाही. पोर्तुगीज गोडधोड जवळजवळ सगळं अंड्याच्या बलकाचं. मठांमध्ये कपड्यांना खळ करायला पांढरा भाग वापरत आणि उरलेल्या बलकाची मिठाई करत, असं इथे सांगतात. पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी टार्ट, तीही त्यातलीच. १८३४ मध्ये धार्मिक मठ बंद झाले आणि १८३७ पासून बेलें भागातल्या दुकानात तो नाता विकला जाऊ लागला. तुम्ही तिघं गरम गरम, वर दालचिनी भुरभुरवून खा. आईंना मार्मेलादा द्या. क्विन्स नावाच्या आंबट-तुरट फळाची घट्ट वडी असते, आपल्या पेरूच्या चीजच्या जवळची. अंडं नाही. ती ताज्या पांढऱ्या चीजबरोबर खातात.

चीजचं आणखी एक. सेर्रा द एश्त्रेला आणि आझैतांव ही दोन पारंपरिक चीज प्राण्याच्या रेनेटने (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने) नव्हे, एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्यांनी विरजतात. आईंना निःशंक मनाने खाता येतील.

सुपांमध्ये 'सोपा द लेगुमिश' मागा. 'काल्दु व्हेर्द' म्हणजे बटाट्याच्या दाट सुपात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. त्यात सॉसेजची चकती टाकतात, म्हणून आधीच विचारायचं. आणि 'पैशिन्युश दा ओर्ता', शब्दशः 'बागेतले छोटे मासे'. पण मासा नाही, फरसबीची भजी! पोर्तुगीज लोकांनी हा प्रकार जपानला नेला आणि त्यातून टेंपुरा आला. पिठात अंडं असू शकतं, तेवढं विचारा. पाठ करायचं वाक्य: "सें कार्न, सें पैश, सें ओवु." मांस नको, मासा नको, अंडं नको.

आणि अगदीच भात-आमटीची आठवण आली तर लुमियारजवळ राधाकृष्ण मंदिर आहे, रस्त्याचं नावच अलामेदा महात्मा गांधी. दीव आणि गुजरातमधून मोझांबिकला गेलेली आणि १९७५ च्या सुमारास तिथून लिस्बनला आलेली कुटुंबं ते चालवतात. त्यांच्या खानावळीत शाकाहारी जेवण मिळतं. आधी फोन करून वेळ विचारा. मार्तीं मोनीझला डाळ, पीठ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं.

कैरीपन्हं

तेजोकाठ ताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आईला वाचून दाखवला. "काटेरी फुलाचं चीज" ऐकून ती खूश झाली. फादोचं कोणी सांगेल का?

निशाचर

मी तीन वेळा गेलोय, कामासाठी, आणि प्रत्येक वेळी परतीचं तिकीट पुढे ढकललंय. रात्रीचं माझ्याकडून घ्या.

भावासाठी: घाई करू नकोस. नऊला जेव, अकराला बाहेर पड. बायरो आल्तोच्या गल्ल्या दिवसा झोपलेल्या असतात, रात्री अकरानंतर सगळी माणसं हातात ग्लास घेऊन रस्त्यावर. बार इवलासा असतो, पिणं बाहेर उभं राहूनच. छोटी ड्राफ्ट बिअर मागायची असेल तर 'इंपेरियाल' म्हण. बरोबर 'त्रेमोसु' येतात, खाऱ्या पाण्यातले पिवळे दाणे. साल दाताने सोडवून गर खायचा. चखणा म्हणून शेंगदाण्यापेक्षा मला हेच आवडू लागले.

दोनच्या सुमारास बार आवरतात आणि गर्दी उतरून कायश दु सोद्रेला येते. तिथला एक रस्ता पूर्ण गुलाबी रंगवलाय. पूर्वी हा खलाशांच्या बारांचा बदनाम भाग होता, आता दाटीवाटीचा क्लबांचा. मला तो फार गर्दीचा वाटतो, एकदा बघ. खरं नाचायचं असेल तर सांता आपोलोनिया स्टेशनजवळ नदीकाठी लुक्स फ्राजिल, १९९८ पासून आहे. तिथे दोनच्या आधी जाऊन काही उपयोग नाही. पहाटे गच्चीवरून तेजो नदीवर उजाडताना दिसतं. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

मेट्रो रात्री एकला बंद होते. पुढे टॅक्सी, किंवा कायश दु सोद्रेहून रात्रीच्या बस. बायशात कोणी कानाशी येऊन 'हशीश' म्हणाला तर मान हलवून चालत राहा. थांबायचं नाही, वाद घालायचा नाही.

आईंना रात्र दाखवायची असेल तर 'कियोश्क'! बागांमध्ये आणि अव्हेनिदा दा लिबेरदाद या रुंद रस्त्याच्या झाडांखाली हिरव्या लोखंडी टपऱ्या आहेत, भोवती खुर्च्या. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. लिंबू सरबत घ्या, किंवा 'कापिले' मागा. नेच्याच्या पाल्याचं जुन्या काळचं सरबत आहे. रोसियोजवळ जिंजिन्याचं १८४० चं दुकान आहे, आंबट चेरीची दारू छोट्या पेल्यात उभ्याने प्यायची. "कों एलाश की सें एलाश?" विचारतील: चेरीसकट की चेरीशिवाय? चेरीसकट घे.

आणि फादो, म्हणजे लिस्बनची दर्दभरी पारंपरिक गाणी. आईंना नक्की न्या. पण जेवणाबरोबर महागडा फादो विकणारी हॉटेलं नीट तपासून घ्या. एका ठिकाणी आम्हाला गायिका दोनच गाणी गाऊन गेल्यावर भरमसाट बिल आलं. शियादोत संध्याकाळी सहा-सातला तासाभराचे नुसत्या गाण्याचे कार्यक्रम होतात. खुर्चीत बसून ऐकता येतं, जेवणाची सक्ती नाही, आईंच्या वेळेतही बसतं. भावाला आणि तुम्हाला एखाद्या रात्री अल्फामातल्या 'फादो व्हादियु'ला जाता येईल. तिथे शेजारपाजारची माणसं उठून गातात. कधी स्वयंपाकघरातून आचारीण येते, ॲप्रन काढते आणि गाते.

गाणं सुरू होताना दिवे मंद होतात आणि सगळं थांबतं. वाढणारासुद्धा ताट घेऊन जागच्या जागी उभा राहतो. त्यावेळी बोलू नका, चमच्याचा आवाजही नको. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, साथीला साधी गिटार, आणि काळी शाल घेतलेली बाई डोळे मिटून मान मागे टाकते. भाषा कळत नाही, तरी गळ्यात काहीतरी अडकतं. मोरारियातली मारिया सेव्हेरा १८४६ मध्ये अवघ्या २६ व्या वर्षी गेली. फादोची सगळी परंपरा तिच्यापासून सांगतात. आमालिया रोद्रिगिशने तो जगभर नेला, १९९९ मध्ये ती गेल्यावर पुढे तिला राष्ट्रीय पांथियनमध्ये, देशातल्या थोरांच्या समाधिस्थळात, जागा दिली. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मडगावची

निशाचर, सुंदर लिहिलंत. 'सौदाद' शब्द फादोत सतत येतो. त्याला मराठीत मला 'हुरहूर' जवळचा वाटतो. गेलेल्याची आठवण आणि तो परत येईल ही आशा, दोन्ही त्यात आहे.

रेवदंडेकर

थोडं वेगळं लिहितो. धागा भरकटवायचा हेतू नाही.

माझं गाव रेवदंडा. पोर्तुगीज कोटाच्या आत आमचं घर. खाडीपलीकडे कोर्लईत आजही काही कुटुंबं पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. त्यामुळे लिस्बनला गेलो तेव्हा मी फक्त पर्यटक म्हणून फिरू शकलो नाही. बेलेंला जेरोनिमुश मठात शिरल्या शिरल्या वास्को द गामाची दगडी कबर. लोक तिच्यापुढे सेल्फी काढत होते. दगडातले दोरखंड, पोवळी, जहाजं बघून डोळे दिपतात, कारागिरी अप्रतिम आहे. पण तो पैसा आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून आला. तिथून जवळच आफोन्सु द आल्बुकेर्कचा उंच पुतळा. आपल्या हापूसला ज्याचं नाव लागलं तोच, १५१० मध्ये गोवा घेणारा. नदीकाठी दर्यावर्दींचं ५२ मीटर उंचीचं स्मारक, आधी १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं, मग १९६० मध्ये दगडात. त्यावर अभिमान भरभरून आहे. ज्यांच्या किनाऱ्याला ही जहाजं लागली त्यांच्याबद्दल शब्द नाही.

पाहू नका असं म्हणत नाही. पाहा, पण रोसियोजवळचं साँव दोमिंगुशचं चर्चही पाहा. १९५९ च्या आगीत ते आतून जळालं आणि काळवंडलेले, तडकलेले खांब तसेच ठेवून छत घातलं. १५०६ मध्ये ज्यूंचं हत्याकांड तिथूनच सुरू झालं. चौकात त्याचं स्मारक आहे. शेजारी जिथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० मध्ये जे आलं त्याचं हे मूळ घर.

तेजोकाठ

रेवदंडेकर काका, धागा अजिबात भरकटलेला नाही. मीही वसई किल्ल्यात खेळत मोठी झाले. १७३९ नंतर चिमाजी अप्पांच्या फौजेने नेलेल्या घंटा आजही आपल्या कितीतरी देवळांत वाजतात. पण इथे राहून एक शिकले: इथल्या साध्या माणसांनीही हुकूमशाही सोसली. कॅथीड्रलजवळ आल्जुब संग्रहालय आहे, पूर्वी राजकीय कैद्यांचा तुरुंग. कोठड्या इतक्या अरुंद की त्यांना बैलांच्या खणांचं नाव होतं. २०१५ पासून ते संग्रहालय झालंय. कैरीपन्हं, तुमच्या यजमानांना बेलेंइतकाच वेळ तिथेही लागेल.

पुणेरी_वाचक

या विषयात एक नाव यायलाच हवं. मोहन रानडे. गोवा मुक्तीसाठी लढलेले, सांगलीचे. १९५५ मध्ये गोव्यातल्या बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, १९६० मध्ये पोर्तुगालला नेऊन काशियशच्या तुरुंगात ठेवलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी ते आतच. सुधीर फडके यांनी विमोचन समिती काढून त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. काशियश लिस्बनच्या उपनगरात आहे. समुद्रकिनाऱ्याने जाणाऱ्या कश्काइशच्या लोकलवरचं स्टेशन.

कैरीपन्हं

हे आईला वाचून दाखवलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी अकरा वर्षांची होते. अण्णा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आले आणि आजीला म्हणाले, सुटला गं तो मुलगा." अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते १९५५ च्या गोव्याच्या सत्याग्रहाला निघाले होते, सावंतवाडीपर्यंत गेले आणि तापाने परत आले. ते त्यांना आयुष्यभर लागलं होतं. आई विचारतेय, काशियशला जाता येईल का?

तेजोकाठ

जाता येईल. कायश दु सोद्रेहून प्रत्येक स्टेशनवर थांबणारी लोकल पकडा, विसेक मिनिटं. तुरुंग आजही तुरुंगच आहे, आत जाता येणार नाही, आणि तो वर चढावर आहे. आईंना स्टेशनवर उतरवून समुद्राकडे बसवा. एप्रिल १९७४ मध्ये इथली क्रांती झाली, सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशन खोवली गेली, आणि दोन दिवसांत याच तुरुंगाची दारं उघडून राजकीय कैदी बाहेर आले. शहरातला लाल झुलता पूल १९६६ मध्ये हुकूमशहा सालाझारच्या नावाने उघडला होता, तो आता २५ एप्रिल पूल आहे.

आणि तुमच्या तारखा आत्ता नीट पाहिल्या! १२ जूनची रात्र म्हणजे सांतु आंतोनियु. संत अँथनी याच शहरात जन्मला. त्या रात्री मोरारिया, अल्फामा, ग्रासात गल्लोगल्ली कागदी पताका, कोळशाच्या शेगड्या, सार्डिनचा धूर आणि नाच. अव्हेनिदावरून मोहल्ल्यांच्या मिरवणुका जातात, गणपतीच्या वेळी मंडळांची जशी चुरस असते तशीच पेठापेठांची चुरस. अल्फामात पाऊल ठेवायला जागा नसते, आईंना तिथे नेऊ नका, अव्हेनिदावर लवकर जाऊन खुर्ची धरा. १० आणि १३ जूनला सुट्टी असते, सोमवारी जेरोनिमुश मठ बंद असतो. तसं वेळापत्रक बसवा.

त्या दिवसांत दारोदारी 'मांजेरिकु' विकतात. बारीक पानांच्या तुळशीचं गोल झुडूप, छोट्या कुंडीत, त्यावर कागदी कार्नेशन आणि चार ओळींची कविता. ते नाकाने थेट हुंगायचं नसतं. तळहात अलगद फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. आपल्या तुळशीची बहीणच ती.

भटक्या_कोल्हापूर

सिंत्रा राहिलं. रोसियोहून लोकल, चाळीस मिनिटं. सकाळी लवकर जा, पेना राजवाड्याचं तिकीट वेळेसकट आधी काढा, एकच राजवाडा करा. वर थंडी आणि धुकं असतं, आईंना स्वेटर.

कैरीपन्हं

परत आलो! सगळ्यांचे उपकार आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

घर अलामेदाला घेतलं. मोफत लिफ्ट सापडली. पहिल्या दिवशी चुकून पुढच्या इमारतीत शिरलो, तिथल्या आजींनी हात धरून योग्य दारापाशी सोडलं. सांता लुझियाच्या सज्जावर बोगनवेलीखाली आई दोन तास बसली. खाली लाल कौलं आणि त्यापलीकडे नदी. ती म्हणाली, "हे आपल्या वेंगुर्ल्यासारखं आहे, फक्त उतारावर."

बेलेंला नवरा मठात, मी नातांच्या रांगेत. एक नाता उभ्याने आणि तीन बसून खाल्ले. आईने मार्मेलादा आणि चीज. एका ताश्कात तिच्यासाठी खास अंड्याशिवाय पीठ भिजवून फरसबीची भजी करून दिली. मालकीणबाई बाहेर येऊन आई खाते का ते बघत उभ्या राहिल्या. आईने हातानेच 'उत्तम' सांगितलं.

कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च मला सगळ्यात भिडलं. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक प्रार्थनेत असताना भूकंप झाला. मग लाटा, मग आग. कमानी तशाच उभ्या, वर मोकळं आकाश. नवऱ्याने दाखवलं: खालचा बायशाचा सरळ रस्त्यांचा भाग त्यानंतरच नव्याने आखला, भिंतींच्या आत लाकडी सांगाड्याचा पिंजरा घालून, म्हणजे हादरे बसले तरी घर डोलेल पण पडणार नाही.

भाऊ दोन रात्री पहाटे सहाला आला. लुक्सच्या गच्चीवरून सूर्योदय पाहिला, निशाचर दादांना नमस्कार सांगितलाय. वाटेत सॉसेज भरलेला गरम पाव आणला होता, तो मीच खाल्ला.

फादोला आई गेली. तिसऱ्या गाण्याला तिने माझा हात घट्ट धरला. अर्थ विचारायचा नव्हता तिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ती कोणाची तरी वाट बघत होती, हो ना?"

काशियशला आम्ही ११ तारखेला गेलो. स्टेशनच्या पुढे लहानसा किनारा आहे, शाळेची मुलं पाण्यात खेळत होती. नवरा आणि भाऊ चढावर जाऊन लांबून भिंत बघून आले. आई दगडी कट्ट्यावर बसली. पिशवीतून आजोबांचा फोटो काढला, तो आणलाय हे मला माहीतच नव्हतं. समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ मांडीवर धरला आणि पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवला.

१२ च्या रात्री अव्हेनिदावर लवकर जागा धरली. आईने मांजेरिकु घेतला, हात फिरवून हुंगला. चार दिवस खिडकीत ठेवून सकाळी अंघोळ झाली की पाणी घालत होती. विमानात नेता येणार नाही म्हटल्यावर तिने तो शेजारच्या आजींना दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईने बोटांनी दाखवलं, रोज, इतकंच पाणी. आजी म्हणाल्या, "सिं, सिं." कालच त्यांच्या नातीने फोटो पाठवलाय. कुंडी खिडकीतच आहे, कागदी फूल थोडं फिकट झालंय.

निशाचर

फादो कुठल्या दिवशी ऐकलात? आणि तिकीट आधी काढलं होतं का? आमच्या आईला ऑक्टोबरमध्ये नेतोय.

कैरीपन्हं

मंगळवारी, सातचा कार्यक्रम. दोन दिवस आधी काढलं. पहिल्या रांगेत बसवा, आणि गुडघ्यासाठी छोटी उशी न्या, खुर्च्या लाकडी आहेत.